चौथा भाग घेऊ का दुसरा? लुटीच्या खेळांत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

दसऱ्याच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात शमीपूजन आटोपलं, की सोनं लुटायला एकच झुंबड उडते. आपट्याची पानं त्या दिवशी शहरात कुठेही मिळतात, तरी चौकात लुटून आणलेल्या चार पानांचं मोल घरात वेगळंच असतं. ॲक्शन रोल प्लेइंग लूट गेम म्हणजे नक्की काय, असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देतो. राक्षस मारायचा, तो कोसळला की वस्तू जमिनीवर सांडतात, त्या उचलायच्या, चांगली असेल ती अंगावर चढवायची आणि आणखी मोठ्या राक्षसाकडे जायचं. जगभर या खेळांना लावला जाणारा इंग्रजीतला ‘लूट’ हा शब्दही मुळात आपल्याकडूनच तिकडे गेला आहे.

राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर जोडणीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. बारावीची परीक्षा संपली की पोरं घोळक्याने येतात आणि हटकून एक प्रश्न विचारतात, “काका, डायब्लोचा चौथा घेऊ का पाथ ऑफ एक्झाइलचा दुसरा?” या प्रकारातला एकही खेळ आधी खेळला नसेल तर माझं उत्तर असतं, आत्ता दोन्ही नको. ते ऐकून तोंडं उतरतात. म्हणून कारण आणि वाट दोन्ही इथे सविस्तर लिहितो. मोठ्या स्टुडिओचा पुढचा भाग किती कसाचा आहे, हे ट्रेलरमधून कळत नाही. तो जमिनीवर काय टाकतो, त्यावरून कळतं. आणि ते ओळखायला आधी वस्तू वाचता यावी लागते.

पहिली पायरी: दोन जुने नियम समजून घ्या

१९८० च्या सुमारास ‘रोग’ (इंग्रजीत Rogue) नावाचा खेळ आला. त्यात चित्रं नव्हती. भिंती अक्षरांच्या, राक्षसही अक्षरांचे. त्याचे दोन नियम मात्र आजही जसेच्या तसे आहेत: भुयार दर वेळी नव्याने रचलं जातं, आणि आत काय सापडेल ते आधी कोणालाच ठाऊक नसतं. त्याच घराण्यातल्या ‘मोरिया’ आणि ‘अँगबँड’ या खेळांनी अमेरिकेतल्या डेव्हिड ब्रेविक या मुलाला वेड लावलं. कॅलिफोर्नियात तो माउंट डायब्लो नावाच्या डोंगराजवळ राहायचा. पुढे त्याच डोंगराचं नाव त्याने आपल्या खेळाला दिलं.

डायब्लो आधी डावाडावाने चालणारा होता. तुम्ही एक पाऊल टाका, मग शत्रू एक पाऊल टाकणार. तो सलग चालवा, असा आग्रह प्रकाशक असलेल्या ब्लिझार्डने धरला. ब्रेविक आधी विरोधात होता. शेवटी त्याने काही तासांत कोड बदललं, माऊसने एका सांगाड्यावर क्लिक केलं, योद्धा चालत गेला आणि त्याने तो सांगाडा फोडला. १९९६ च्या अगदी शेवटी आलेला तो खेळ आणि २००० साली आलेला त्याचा दुसरा भाग, या दोघांवर आजचा सगळा प्रकार उभा आहे.

दुसरी पायरी: यंत्र, वीज आणि नेट

पहिला खर्च ग्राफिक्स कार्डावर करू नका. एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क घ्या, रॅम सोळा जीबी करा. आजचे मोठे खेळ नव्वद-शंभर जीबी जागा मागतात, आणि साध्या हार्ड डिस्कवर नवा भाग लोड होईपर्यंत तुमचा योद्धा मेलेला असतो. माऊस जरा बरा घ्या. या खेळांत एका संध्याकाळी हजारो क्लिक होतात, आणि स्वस्त माऊसचं डावं बटण सगळ्यात आधी जातं.

नेटची गोष्ट जास्त महत्त्वाची. डायब्लोचा तिसरा भाग कॉम्प्युटरवर आणि चौथा कुठेही, एकट्याने खेळायचा असला तरी नेट लागतंच. पाथ ऑफ एक्झाइलचंही तसंच. उलट ग्रिम डॉन, टायटन क्वेस्ट, टॉर्चलाइटचा दुसरा भाग हे नेटशिवाय चालतात, आणि लास्ट इपॉकमध्ये ऑफलाइनची सोय वेगळी दिलेली आहे. २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत वीज परत आली, पण नेट यायला पुढे बरेच दिवस गेले. घरात चार खेळ होते, त्यातला एकच उघडत होता. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारतो, नेट गेलं तर तुझा खेळ उघडेल का?

एक सूचना पावसाळ्यासाठी. हार्डकोअर नावाचा प्रकार असतो, त्यात पात्र एकदा मेलं की कायमचं गेलं. यूपीएस किंवा इन्व्हर्टर नसेल तर जून ते सप्टेंबर त्या वाटेला जाऊ नका.

तिसरी पायरी: पहिला खेळ संपूर्ण झालेला निवडा

माझी शिफारस ग्रिम डॉन. २०१६ साली आलेला, छोट्या चमूने बनवलेला, जुन्या लॅपटॉपवरही चालणारा. दुसऱ्या लेव्हलला तुम्ही एक विद्या निवडता, दहाव्या लेव्हलला दुसरी, आणि त्या दोघींच्या मिलाफातून तुमचा योद्धा घडतो. शिपाई आणि मांत्रिक, किंवा सुरुंगवाला आणि मारेकरी. मूळ खेळात अशा सहा विद्या आहेत. जोड्या लावून बघण्यातच महिना निघून जातो. त्यात दर काही महिन्यांनी शून्यापासून सुरू होणारा सीझन नाही, बक्षिसांसाठी विकत घ्यायचा बॅटल पास नाही, रोज हजेरी लावायची सक्ती नाही.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर पाथ ऑफ एक्झाइलचा पहिला भाग फुकट आहे, आणि तो मनापासून बनवलेला खेळ आहे. पण त्याच्या पॅसिव्ह स्किल ट्रीमध्ये, म्हणजे योद्ध्याचे कायमचे गुण निवडायच्या पटावर, तेराशेहून जास्त ठिपके आहेत. पहिल्याच दिवशी तो पट समोर उघडला की नवखा माणूस खेळ बंद करून टाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तो दुसरा खेळ म्हणून ठेवा.

मोबाइलवर डायब्लो इमॉर्टल आहे, २०२२ पासून. हाताला छान लागतो, पण त्यात पैसे ओतून ताकद विकत घेता येते. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये लूट बॉक्सच्या (पैसे देऊन उघडायची, आत काय निघेल ते नशिबावर सोडलेली पेटी) कायद्यांमुळे तो प्रदर्शितच झाला नाही. आईवडिलांचं यूपीआय ज्या फोनवर आहे, त्या फोनवर हा खेळ नको, असं मी स्पष्ट सांगतो.

चौथी पायरी: वस्तू वाचायला शिका

इथे घाई करू नका. पुढचं सगळं या पायरीवर उभं आहे.

नवखा माणूस वस्तूच्या नावाचा रंग बघतो. पण प्रत्येक खेळाची रंगांची भाषा वेगळी. डायब्लोच्या दुसऱ्या भागात पिवळी वस्तू निळीपेक्षा वरची. ग्रिम डॉनमध्ये निळी वस्तू पिवळीपेक्षा वरची. आणि ग्रिम डॉनमध्ये हिरव्या वस्तूला तुमच्या योद्ध्याच्या कामाचा उपसर्ग आणि प्रत्यय (नावाच्या आधी आणि मागे लागून वस्तूला गुण देणारे शब्द) दोन्ही लागले, तर ती सगळ्यात वरच्या जांभळीलाही मागे टाकू शकते. गुजरीतला जुना सराफ दागिना झळाळीवर घेत नाही, कसोटीच्या दगडावर घासतो. वस्तूची कसोटी म्हणजे तिच्यावर लिहिलेल्या गुणांच्या ओळी.

या ओळींचं व्याकरण असतं. डायब्लोच्या दुसऱ्या भागात निळ्या वस्तूला जास्तीत जास्त एक उपसर्ग आणि एक प्रत्यय मिळतो, पिवळीला तीन आणि तीन. पाथ ऑफ एक्झाइलनेही तोच हिशेब ठेवला. हे ठाऊक असलं की पिवळी तलवार हातात आल्यावर तुम्ही मोजता: हिच्या सहातल्या किती ओळी माझ्या कामाच्या? दोन असतील तर मध्यम, चार असतील तर जपून ठेवा, पाच असतील तर मित्राला फोन करा.

आता आकडेमोड. समजा तुमचा मूळ फटका १०० चा आहे आणि अंगावरच्या वस्तूंतून २०० टक्के वाढ मिळते, म्हणजे एकूण ३००. नवी अंगठी मिळाली, तिच्यावर लिहिलंय ५० टक्के वाढ. वाटतं, फटका दीडपट झाला! प्रत्यक्षात या प्रकारच्या वाढी आधी एकमेकींत मिळवल्या जातात. २०० अधिक ५० म्हणजे २५०, आणि फटका ३०० वरून ३५० वर गेला. साधारण सतरा टक्केच वाढला. पण काही ओळी शेवटी स्वतंत्रपणे गुणल्या जातात. तशी ३० टक्क्यांचीच ओळ मिळाली तर ३०० चे ३९० होतात. आकड्याने लहान दिसणारी ओळ मोठ्या ओळीला हरवते. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये पहिल्या प्रकाराला ‘इन्क्रीज्ड’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘मोअर’. या दोन शब्दांतला फरक ज्याला कळला, त्याचा अर्धा खेळ तिथेच झाला.

संरक्षणाची बाजू नवख्यांना नेहमी उशिरा कळते. आगीचा, थंडीचा, विजेचा मार कमी करणारा आकडा म्हणजे रेझिस्टन्स. तो ० वरून १० वर नेला तर शंभराच्या माराचे नव्वद होतात, दहा टक्के फायदा. तोच ६० वरून ७० वर नेला तर चाळीसचे तीस होतात. आकडा तेवढाच वाढला, पण अंगावर येणारा मार पाव हिश्शाने घटला. म्हणून जसजसे वर जाल, तसतसा एकेक टक्का महाग होत जातो आणि जीव वाचवतो. डायब्लोच्या दुसऱ्या भागात विस्तार, म्हणजे मूळ खेळाला नंतर दिलेली जोड, आल्यापासून शेवटच्या काठिण्यपातळीवर तुमच्या रेझिस्टन्समधून सरळ १०० वजा केले जातात. तिथवर हसतखेळत आलेला योद्धा पहिल्याच मैदानात आडवा पडतो, आणि पोरं म्हणतात खेळ बिघडलाय. खेळ ठीक असतो. अंगावरची लूट वाचलेली नसते.

सराव असा करा. पहिले पाच तास प्रत्येक बरी वस्तू उचलल्यावर थांबायचं आणि एका वाक्यात मोठ्याने म्हणायचं, ही माझ्यासाठी काय करते? वाक्य जमलं नाही तर ती विका. वहीत लिहिलंत तर आणखी बरं. माझ्याकडे अजून दोनशे पानी वही आहे, तिच्यात कुठल्या बॉसने, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या बड्या राक्षसाने, काय टाकलं ते तारखेसकट लिहिलंय. पुढे पाथ ऑफ एक्झाइल किंवा लास्ट इपॉकला गेलात की लूट फिल्टर लावता येतो, म्हणजे नको त्या वस्तू पडद्यावर दिसतच नाहीत. पण सुरुवातीला तो लावू नका. चाळणी कोणती हवी ते कळायला आधी धान्य हाताने निवडलेलं असावं लागतं.

पाचवी पायरी: एका फटक्यावर योद्धा उभा करा

तालमीत नवा पोरगा पाच डाव अर्धे अर्धे शिकला तर वस्ताद त्याला खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवत नाही. आधी एक डाव पक्का करून घेतो. इथेही तसंच. एक मुख्य हल्ला निवडा, लेव्हल वाढली की मिळणारे पॉइंट तिथे घाला, आणि वस्तूही त्याच हल्ल्याला पूरक घ्या. आग निवडली तर आगच. थोडी आग, थोडा बर्फ, थोडं विष असा योद्धा सगळ्यातच दुबळा राहतो.

पहिल्या वेळी तयार बिल्ड, म्हणजे दुसऱ्याने मांडलेला पॉइंट आणि वस्तूंचा आराखडा, बघून खेळू नका. चुकाल, आणि चुकायलाच हवं. पूर्वी चूक महाग पडायची. डायब्लोच्या दुसऱ्या भागात वाटलेले पॉइंट परत मिळवण्याची सोय २०१० साली आली, तोवर चुकलेला योद्धा टाकून नवा काढावा लागे. आता बहुतेक खेळांत थोडं नाणं मोजून पॉइंट सोडवता येतात.

सहावी पायरी: बाजारापासून सावध

डायब्लोच्या दुसऱ्या भागात सोन्याच्या नाण्यांना खेळाडूंमध्ये किंमतच उरली नाही, कारण ती कोणालाही मिळत होती. मग लोकांनी आपलं चलन स्वतः शोधलं: स्टोन ऑफ जॉर्डन नावाची अंगठी. चिलखत दोन अंगठ्यांना, तलवार पाच अंगठ्यांना. कोणी ठरवून दिलेलं नसताना बाजार असा उभा राहतो, हे मला फार विलक्षण वाटतं.

तिसऱ्या भागात, २०१२ साली, कंपनीने हा बाजार स्वतःच मांडला आणि त्यात खऱ्या पैशाचाही लिलाव ठेवला. मार्केट यार्डातला गुळाचा सौदा ज्याने पाहिलाय त्याला पुढे काय झालं ते लगेच कळेल. गुऱ्हाळावर जाऊन गरम काकवी चाखणं वेगळं आणि भाव पुकारून ढेपा उचलणं वेगळं. लिलावात चांगली वस्तू काही मिनिटांत मिळते म्हटल्यावर राक्षसाने काय टाकलं याकडे बघायचं कारणच संपलं. माणूस खेळायचा तो वस्तू शोधायला नाही, लिलावाचं नाणं कमवायला. शेवटी १८ मार्च २०१४ ला तो लिलाव बंद झाला, आणि त्याच सुमारास लुटीची सगळी यंत्रणा नव्याने लिहिली गेली. त्यानंतर तो खेळ खऱ्या अर्थाने खेळण्याजोगा झाला.

या प्रश्नावर मला सगळ्यात आवडलेलं उत्तर लास्ट इपॉकने २०२४ साली दिलं. तिथे दोन संघ आहेत. एकात गेलात तर बाजार खुला. दुसऱ्यात गेलात तर बाजार जवळपास बंद, पण राक्षस तुमच्यासाठी जास्त आणि चांगलं टाकतात. नवख्याने डोळे मिटून दुसऱ्यात जावं.

खेळाबाहेर खऱ्या पैशाने वस्तू विकणारे भेटतील. २००४ साली मी एका अनोळखी विक्रेत्याला एका तलवारीसाठी पैसे दिले होते. तलवार आली नाही आणि आठवडाभरात अकाउंटही गेलं. त्यात तीन वर्षांचे योद्धे होते. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

सातवी पायरी: सीझन

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा नवा हंगाम सुरू होतो तेव्हा गेल्या साली कोण जिंकलं याला गुणतक्त्यात जागा नसते. पाटाकडील असो की खंडोबा, सगळे शून्यावर. सीझन म्हणजे तेच. दर तीन-चार महिन्यांनी नवं पात्र, रिकामी पेटी, काहीतरी नवा नियम. पाथ ऑफ एक्झाइलने हे लीग या नावाने रूढ केलं, डायब्लोचा चौथा भागही त्यावरच चालतो. मित्रांबरोबर खेळायचं असेल तर पहिल्या आठवड्यात उतरा, तेव्हा सगळेच गरीब असतात आणि मजा त्यातच आहे. बाकी एखादा सीझन चुकला तर काही बिघडत नाही.

आठवी पायरी: आता पुढच्या भागाकडे बघा

इथवर आलात, म्हणजे तीस-चाळीस तास खेळलात, तर ‘चौथा घेऊ का दुसरा’ हा प्रश्न विचारायला तुम्ही तयार आहात. मी तीन गोष्टी तपासतो.

पहिली, लूट दुरुस्त होऊन किती दिवस झाले? डायब्लोचा तिसरा भाग मे २०१२ मध्ये आला. पहिल्या दिवशी सर्व्हरवर गर्दी असल्याचं सांगणाऱ्या ‘एरर ३७’ने लोकांना दारातच अडवलं, ते पुढे सुटलं. पण लूट सुधारायला फेब्रुवारी २०१४ उजाडला, म्हणजे एकवीस महिने. चौथा भाग जून २०२३ मध्ये आला. पहिल्या पाच दिवसांत ६६.६ कोटी डॉलरची विक्री झाल्याचं कंपनीने सांगितलं. आणि वस्तूंवर काय लिहिलेलं असायचं? जवळच्या शत्रूला इतकं जास्त, दूरच्याला इतकं, मंदावलेल्याला इतकं, जखमीला इतकं. सहा ओळी वाचून माणूस थकायचा आणि सगळं विकून टाकायचा. जुलैच्या पॅचने, म्हणजे खेळात मागाहून केलेल्या बदलांनी, योद्ध्यांची ताकद आणखी छाटली तेव्हा खेळाडू इतके चिडले की कंपनीला असा पॅच पुन्हा काढणार नाही असं सांगावं लागलं. लूट नव्याने मांडली गेली ती मे २०२४ च्या चौथ्या सीझनमध्ये. ओळी कमी झाल्या आणि उरलेल्या वाचता येऊ लागल्या. यावेळी अकरा महिने लागले.

दोन्ही वेळा असं का झालं, यावर मी बराच विचार केलाय. मोठ्या स्टुडिओला पहिले वीस तास जिंकायचे असतात. कथा, चित्रं, सिनेमासारखे प्रवेश, सगळा पैसा तिथे जातो, आणि ते खरोखर सुंदर असतात. लुटीची परीक्षा मात्र शंभराव्या तासाला सुरू होते. तिथवर कंपनीतले परीक्षक पोचले तरी मूठभर, आणि बाहेरचे लाखो लोक महिनाभरात पोचतात. दोष त्यांनाच सापडतो. म्हणून माझा नियम, मोठ्या स्टुडिओचा नवा भाग आला की वर्षभर थांबायचं. आगाऊ नोंदणी कधीच करायची नाही. डायब्लोच्या चौथ्या भागात मात्र आता उतरायला हरकत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘व्हेसल ऑफ हेट्रेड’ हा विस्तार आला, २०२६ च्या एप्रिलसाठी ‘लॉर्ड ऑफ हेट्रेड’ जाहीर झाला. खेळाची घडी बसलेली आहे.

दुसरी गोष्ट, पाटी कोणाची आणि हात कोणाचा? मिसळीच्या गाडीवरची पाटी तीच राहते, पण भट्टीवरचा माणूस बदलला की कट बदलतो, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २००३ मध्ये ब्रेविकसह डायब्लोच्या मूळ चमूतले प्रमुख लोक ब्लिझार्ड सोडून गेले. नाव कंपनीकडे राहिलं. गेलेल्यांपैकी काहींच्या हातून २००९ साली टॉर्चलाइट घडला. टायटन क्वेस्टचा स्टुडिओ २००८ मध्ये बंद पडला, आणि तिथल्या आर्थर ब्रूनोने पुढे नवा चमू जमवून ग्रिम डॉन उभा केला. म्हणजे टायटन क्वेस्टचा खरा पुढचा भाग वेगळ्याच नावाने आला होता! आता २०२५ च्या ऑगस्टपासून टायटन क्वेस्टचा अधिकृत दुसरा भाग अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच खेळायला खुला, आहे, आणि तो वेगळ्या स्टुडिओचा आहे. मूळ हात असले म्हणजे हमखास जमतं असंही नाही. टॉर्चलाइटचा तिसरा भाग आधी फुकट ऑनलाइन खेळ म्हणून बनत होता, अर्ध्यात मोहरा वळवून विकाऊ केला, आणि २०२० मध्ये आला तेव्हा दुसऱ्या भागाच्या चाहत्यांची निराशा झाली.

याच गोष्टीला आणखी एक पदर आहे: नव्या भागासाठी जुन्याचे हात काढून घेतलेत का? पाथ ऑफ एक्झाइलचा दुसरा भाग २०१९ मध्ये जाहीर झाला तेव्हा तो पहिल्याचाच विस्तार असणार होता. २०२३ मध्ये दोन्ही वेगळे झाले. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा भाग पैसे भरून अर्ली ॲक्सेसमध्ये उघडला, आणि हे दोन्ही खेळ बनवणाऱ्या न्यूझीलंडच्या चमूला पहिल्याची माणसं इकडे वळवावी लागली. जुलै २०२४ नंतर पहिल्या भागाची पुढची मोठी लीग आली ती थेट जून २०२५ मध्ये. कंपनीने माफीही मागितली. मला या लोकांबद्दल आदर आहे, दुसरा भाग हाताला फार सुंदर लागतो, प्रत्येक बॉस विचार करायला लावतो. पण पूर्ण झाल्यावर तो फुकट होणार आहे हे कंपनीनेच सांगितलंय. नवख्याने थांबलेलं बरं.

तिसरी गोष्ट मी सगळ्यात गंभीरपणे घेतो. सर्व्हर बंद झाला तर हातात काय राहील? नोव्हेंबर २०१७ हा महिना माझ्या वहीत चौकटीत लिहिलाय. त्या महिन्यात ‘मार्व्हल हिरोज’ हा खेळ बंद पडला. त्याच्या उभारणीत खुद्द ब्रेविक प्रमुख होता. खेळ ऑनलाइनच होता, त्यामुळे लोकांनी चार वर्षं जमवलेले योद्धे, वस्तू, विकत घेतलेले पोशाख, सगळं एका दिवसात गेलं. त्याच महिन्यात टॉर्चलाइट बनवणारा रुनिक स्टुडिओही बंद झाला. पण टॉर्चलाइटचा दुसरा भाग आजही माझ्या दुकानातल्या मागच्या कॉम्प्युटरवर उघडतो, नेट नसतानाही. माझा २०१२ सालचा योद्धा त्यात उभा आहे, त्याच्या हातातल्या कुऱ्हाडीसकट.

पुढची दहा वर्षं हा प्रश्न वाढतच जाणार. मोठी नावं मोठ्या हातांत चालली आहेत. ब्लिझार्ड २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेलं, पाथ ऑफ एक्झाइलचा स्टुडिओ २०१८ पासून टेन्सेंटच्या ताब्यात आहे, लास्ट इपॉकचा २०२५ मध्ये क्राफ्टनने घेतला. तिथे पाचवा, सहावा भाग येईल की नाही यापेक्षा चौथाच विस्तारांवर विस्तार घेत वर्षानुवर्षं चालेल, अशी चिन्हं मला दिसतात. दुसरीकडे एकट्यादुकट्याने बनवलेले छोटे खेळ लुटीची गंमत वीस-तीस मिनिटांत देऊ लागले आहेत. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सने २०२२ मध्ये ते दाखवून दिलं. युरोपात तर विकलेले खेळ असे बंद पाडू नका म्हणणाऱ्या मोहिमेने २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. ऑफलाइनची सोय देणाऱ्या खेळावर पैसे घालणं, हे आपल्यासारख्यांच्या हातातलं मत आहे.

विकत घेताना स्टीम या ऑनलाइन खेळांच्या दुकानाचा नियम लक्षात ठेवा. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांत कथेकडे बघू नका. पडद्यावर पडलेल्या पहिल्या वीस वस्तू वाचा. किती वस्तूंपाशी तुम्ही थांबलात, विचार केलात, जुनी ठेवू की नवी घालू अशा पेचात पडलात? एकही नसेल तर तिथेच परत करा.

गेल्या जूनमध्ये ज्याने ‘चौथा घेऊ का दुसरा’ विचारलं होतं, त्या पोराच्या वडिलांचा जुना लॅपटॉप माझ्याकडेच दुरुस्तीला होता. एसएसडी घालून त्यात ग्रिम डॉन टाकून दिला. तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका रात्री अकराला त्याने पडद्याचा फोटो पाठवला. दोन अंगठ्या शेजारी शेजारी. एकीवर आगीचा फटका ४० टक्के जास्त, दुसरीवर आगीचा रेझिस्टन्स १२. वर विचारलं होतं, “काका, कुठली ठेवू?” मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर त्याचाच पुढचा मेसेज आला. “दुसरी ठेवतो. माझा आगीचा रेझिस्टन्स ६४ आहे. ७६ झाला की छत्तीसचा मार चोवीसवर येतोय.”